मागच्या मागं चाललेली तपासणी

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास तपासणी कॉम्प्युटरमधून बाहेर पडली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी तेव्हा एका लग्नाची निमंत्रणपत्रिका मांडत होते. घरबसल्या पत्रिका करून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकं पेनड्राइव्हवर गणपतीचं चित्र आणतात आणि त्याच्यासोबत व्हायरसही आणतात. तीनदा मशीन बंद पडलं, तेव्हा दुरुस्तीवाल्या ऐनापुरेंनी त्यात रोजची आपोआप तपासणी लावून दिली.

"आता निवांत राहा वहिनी," ते म्हणाले होते. "ते मागच्या मागं चालत राहतंय. तुम्हाला कळायचं पण नाही."

"मला काही विचारेल का?"

"काही बदललेलं सापडलं तर विचारतंय. ओळखीचं असलं तर हो म्हणायचं. नाही म्हटलं की ते उचलून बाजूला ठेवतंय."

कळलं मात्र लगेच. जी वस्तू तपासली जात असते ती जड होते. सोमवारी दूध वर यायला पाऊण तास लागला. मला वाईट वाटलं नाही, तेवढा वेळ ओट्याला टेकून उभं राहता आलं. मग पडद्यावर एक चौकट आली. दही मागच्या वेळेपेक्षा बदललेलं आहे, ओळखीचं आहे का? दही रोजच बदलतं, त्यामुळे ते रोज संशयित. दोन दिवस मी हात पुसत येऊन 'हो' दाबलं. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला आणि 'नाही' दाबलं.

दह्याचं भांडं पॅसेजमध्ये गेलं. आमचा पॅसेज चार पावलांचा होता, तो हातभर लांबला. भांडं टोकाला दिसतं, वासही येतो, पण कितीही चालत गेलं तरी ते तेवढंच लांब राहतं. पाठोपाठ लोणच्याची बरणी गेली, मग माझ्या झिजलेल्या चपला गेल्या. पॅसेज प्रत्येक वेळी लांबत गेला. झाडायला मात्र तो सगळाच लागतो.

गुरुवारी तपासणी ह्यांच्यापाशी आली.

हे नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती फेरे घेतो ते ह्यांना पाठ असायचं. गेली दोन वर्षं एकेक गोष्ट निसटत चालली आहे. सकाळी मला विचारतात, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" दुपारी चार वाजले की पाणी सोडायला निघतात, आणि मी कोपराला धरून त्यांना फाटकातून परत आणते. चौकटीत आलं: ही व्यक्ती मागच्या वेळेपेक्षा बदललेली आहे. ओळखीची आहे का? दिवसातून सहा-सात वेळा यायला लागलं. दर वेळी मी 'हो' म्हटलं.

खोटं कशाला सांगू, शनिवारी बोट 'नाही'वर गेलं. दाबलं नाही. पण गेलं, आणि तिथे त्याला बरं वाटलं.

मी घाबरून ऐनापुरेंना बोलावलं. "ह्यांना यातून कायमचं वगळा."

"वगळता येतंय की. नाव सांगा."

मी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. छत्तीस वर्षांत मी ह्यांचं नाव एकदाच घेतलंय, लग्नात, उखाण्यात. इतक्या हळू घेतलं की नवरदेव स्वतःच सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ऐकू नाही आलं. मोठ्यानं घ्या." ऐनापुरेंनी पाटी वाचून नाव भरलं. हे हलके झाले, दोन घास जास्त जेवले.

मंगळवारी माझे हात जड झाले. कणीक मळताना बोटं परातीतून निघेनात. कशीबशी येऊन बघितलं, तर चौकट माझ्यासाठी होती. मी 'हो' दाबलं. बटण आत जाईना.

ऐनापुरे फोनवर म्हणाले, "वहिनी, स्वतःची ओळख स्वतःला देता येत नाही. घरातलं दुसरं माणूस लागतंय."

"घरात हेच आहेत."

"मग त्यांना बसवा. दहा मिनिटं वाट बघतंय, नंतर आपलं आपणच ठरवतंय."

मी ह्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं, हात माउसवर ठेवून दिला आणि शेजारच्या खुर्चीत बसले. वाचता अजून येतं त्यांना. एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "ओळखीची आहे का?" मग माझ्याकडे बघितलं, नवख्या गल्लीतला व्हॉल्व्ह बघावा तसं.

"ओळखता का मला?" मी विचारलं.

"चेहरा बघितल्यासारखा वाटतो," ते अदबीनं म्हणाले. "पण उगाच हो कसं म्हणू?"

व्हॉल्व्हच्या बाबतीत ते नोकरीतसुद्धा असेच होते. खात्री झाल्याशिवाय फेरा द्यायचा नाही.

दहा मिनिटं सरत आली होती. माझी खुर्ची पॅसेजच्या तोंडाशी गेली होती. मागून दह्याचा वास येत होता. इतकी दमले होते, आणि तिथे नुसतं बसून राहायचं होतं, तरी मला तिथे जायचं नव्हतं. चार वाजता ह्यांना फाटकातून परत कोण आणणार? मी हाक मारायला गेले, तर जबडा दगडासारखा झालेला. एवढ्या थोड्या दमात काय म्हणावं ते सुचेना. मग जे आलं ते आलं.

"पितळेची घागर आणली नळावर भरून..."

भिंती पुढे सरकत होत्या. माझ्या चपला पायाशी आल्या, बरणी हाताशी आली. हे पार तिकडे, उजेडात, लहान दिसत होते.

"...जयवंतरावांचं नाव घेते सर्वांचा मान राखून."

त्यांनी मान वळवली. हात माउसवरच होता. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं, आणि पॅसेजच्या त्या टोकाकडून ते म्हणाले,

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं घ्या."