एक मिनिट हं मॅडम

मुलुंडच्या उत्तरा करंदीकर ‘उद्यमरेषा’ या छोट्या उद्योजकांच्या मासिकासाठी घरबसल्या लेख लिहीत. महिन्याला तीन यशोगाथा. पद्धत ठरलेली होती. मासिकाकडून उद्योजकाला फॉर्म जायचा, तो भरून फोटोसकट यायचा, मग उत्तराताई अर्धा तास फोनवर बोलायच्या आणि दुपारपर्यंत लेख तयार! संघर्षाचे दोन परिच्छेद, यशाचे तीन, शेवटी ‘कुटुंबाची मोलाची साथ’. चार वर्षांत त्यांनी एकाही कारखान्याची पायरी चढली नव्हती. आणि आपण वाचक तरी काय करतो? फोटोतला कोट बघून मान डोलावतो आणि पान उलटतो.

एका दुपारी बेल वाजली. दारात साठीपलीकडची एक बाई, हातात कापडी पिशवी.

“लेख लिहिणाऱ्या उत्तराबाई तुम्हीच ना? मी मालन परब. कांदिवलीहून आले. सुयोगची आई.”

सुयोग परब म्हणजे गेल्या अंकातला मालवणी मसालेवाला. आभार मानायला आल्या असतील, असं वाटून उत्तराताई खुलल्या. “या ना मावशी! लेख आवडला का?”

“लेख झकास आहे,” मालनताईंनी पिशवीतून अंक काढून टेबलावर ठेवला. “पण त्यात मी खंय आसंय?”

उत्तराताईंनी बोटाने ओळ दाखवली. ‘आई मालन या गृहिणी असून त्यांची मोलाची साथ सुयोग यांना लाभली आहे.’

“ह्या एका ओळीने माझी वाट लावली गो बाय,” मालनताई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून सांगू लागल्या.

नवऱ्याची, काशीरामांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी चाळीतल्या खोलीत मसाला भाजायला सुरुवात केली. मसाला कांडायच्या डंकावर कुटून आणायचा आणि दारोदार फिरून विकायचा. सुयोग तेव्हा जन्मालाही आला नव्हता. आज तो पाकिटं, जाहिरात, ऑर्डरी बघतो, पण भाजणी अजून त्यांच्याच हातची. आता ठसक्याच्या तक्रारी वाढल्या म्हणून सोसायटीने महिनाअखेर घरातली भाजणी बंद करायला सांगितलं होतं. कांदिवलीत बायकांच्या एका सहकारी संस्थेचे गाळे होते. नियम एकच, धंदा बाईने उभा केलेला हवा. मालनताईंनी अर्ज केला, तर कमिटीने हाच लेख पुढे टाकला. ‘छापलंय की तुम्ही गृहिणी! मुलगाच तुमच्या नावावर गाळा घेतोय.’ शुक्रवारी शेवटची बैठक होती.

“गाळा नाही मिळाला तर सुयोग तयार पावडर आणून पाकिटात भरणार. माझा मसाला संपला मग.”

“पण मावशी, फॉर्ममध्ये होतं तेच मी लिहिलं,” उत्तराताई चाचरत म्हणाल्या.

“फॉर्म पोराने भरला. तो वाईट नाही. आई म्हणजे चुलीपुढची बाई, एवढंच त्याने बघितलंय. पण तू लिहिणारी ना? तू फोनवर त्याला विचारलंस, मसाला कडू का होत नाही? तो काय म्हणाला?”

उत्तराताईंना आठवलं. तो म्हणाला होता, “एक मिनिट हं मॅडम.”

“आणि आत येऊन मला विचारून गेला! मी सांगितलं ते तू त्याच्या तोंडी छापलंस. काम माझं, हुशारी माझी, नि मी साथ देणारी? अगो, साथ कोण कुणाला देतंय?”

उत्तराताईंनी फोनमधलं त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. अर्ध्या तासात पाच वेळा ‘एक मिनिट हं मॅडम’! आणि मागून स्पष्ट आवाज, “दगडफूल शेवटाक घाल म्हणून सांग, नायतर मसालो कडू होता.” त्यांना स्वतःचीच लाज वाटली. लोणचेवाला, पिशव्यावाला, पणत्यावाला... किती जणांच्या मागे असे आवाज त्यांनी ऐकले होते आणि गाळून टाकले होते!

त्यांनी लगेच संपादक भाऊरावांना फोन केला. चूक दुरुस्त करून छापा, म्हणाल्या.

“अहो, सुयोगची वर्षभराची जाहिरात आहे आपल्याकडे,” भाऊराव हसले. “आईंना मार्चच्या महिला विशेषांकात घेऊ की!”

म्हणजे चाळीस वर्षं खपलेल्या बाईला मार्च महिन्यात एक पान! उत्तराताईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. “मग माझं नाव तुमच्या मासिकातून आजच काढा,” असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी त्या मालनताईंबरोबर कमिटीपुढे उभ्या राहिल्या. सुयोगही आला होता. उत्तराताईंनी ऐकवलेलं रेकॉर्डिंग संपलं तेव्हा त्याची मान खाली गेली होती.

अध्यक्षा संघमित्राताईंनी उत्तराताईंकडे रोखून पाहिलं. “म्हणजे खरी उत्तरं कोण देतंय, हे तुम्हाला तेव्हाच ऐकू आलं होतं?”

“हो. ऐकू आलं होतं, पण मी लिहिलं नाही. खोटं माझ्या लेखात आहे, मावशींच्या अर्जात नाही. हे मी सही करून देते.”

उत्तराताईंनी तिथेच तसं लिहून सही केली. संघमित्राताईंनी ते निवेदन अर्जाला जोडलं आणि गाळा मंजूर केला.

सुयोगने ताबापत्राचा फॉर्म पुढे ओढला, सवयीने पेन उघडलं. “आई, धंदा कुठल्या साली सुरू केलास गं?” त्याने विचारलं. हे त्याने आईला जन्मात पहिल्यांदाच विचारलं होतं.

“एक मिनिट,” मालनताई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातातून पेन घेतलं. “मीच भरतंय.”

वाचकहो, दुसऱ्याच्या श्रमावर आपलं नाव लावणं ही चोरी आहे, आणि ती होताना ऐकून गप्प बसणारा त्या चोरीत सामील आहे. तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत ‘साथ देणारी’ म्हणून कुणी असेलच. तिचं काम काय, हे दुसऱ्या कुणाला विचारू नका. उठा, आत जा आणि तिलाच विचारा.