पांढऱ्या कडेची फळी परत गेली

टक्, टक्, टक्. बोटाचं पेर माझ्या भिंतीवर वाजत चाललं होतं. मडकं घेताना वाजवून बघावं तसं मालकांनी मला सगळीकडून वाजवलं आणि मालकीणबाईंकडे वळून म्हणाले, "घर भक्कम आहे गं." मी एक कॅम्पर, चाकांवरचं छोटं घर. ती टकटक मला अजून ऐकू येते.

बाहेर पत्रा, आत लाकडी सांगाडा, एक शेगडी, दोन पलंग. एवढाच माझा संसार. मालक बसचालक होते. वर्षभर परक्या माणसांना त्यांच्या त्यांच्या गावी पोहोचवायचे, आणि सुट्टी लागली की मला गाडीमागे जोडून घरच्यांना घेऊन निघायचे. मालकीणबाई खिडकीशेजारी निजायच्या, मुलगा त्यांच्या कुशीत. तो झोपेत लाथा मारायचा, तशा त्या माझ्या भिंतीकडे सरकत यायच्या.

मुलगा मोठा झाला. मालकीणबाईंचे गुडघे गेले, माझी पायरी त्यांना चढवेना. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो. चालून येतो त्याहून जास्त थकवा उभं राहून येतो. खिडकीच्या फटीतून पाणी आत झिरपायचं. सांगणार कुणाला?

एका सकाळी मालकांनी खिडकीखाली पेचकस टेकवला. लोण्यात शिरावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बराच वेळ त्यांनी तो बाहेर काढलाच नाही.

"बाबा, आता विकूनच टाका," मुलगा म्हणाला. "साधी पाइनची पट्टी ठोका, वरून रंग मारा. घेणाऱ्याला काय दिसतंय?"

"बघू," मालक म्हणाले.

मी मनाशी ठरवलं, पाइनची पट्टी आली तर मी जाणार. चांगलं लाकूड आलं तर मी राहणार.

मालक लाकडाच्या वखारीत खेपा घालू लागले. साल वृक्षाचं लाकूड टिकाऊ, पण जड. माझ्या जुन्या चाकांना ते झेपलं नसतं. देवदार हलका, पण हवी तेवढी सरळ फळी मिळेना. मग साग आणला आणि दुसऱ्याच दिवशी परत नेला. फळीच्या कडेला पांढरट पट्टा होता.

"हा सालीजवळचा भाग," ते मालकीणबाईंना सांगत होते. "साग असला तरी हा कुजतो. मला नुसता गाभा हवाय."

त्या दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या. "अहो, फळी बघताय की सून? इतकी स्थळं तर लेकासाठीही पाहिली नाहीत."

"ती आपली आपणच आली."

"म्हणून तर टिकली!"

दोघंही हसले. फार दिवसांनी ऐकलं ते हसू. वाटलं, राहिलो बुवा.

शेवटी सगळीकडून तपकिरी अशी फळी मिळाली. मालकांनी कुजका भाग, कोरडं लाकूड लागेपर्यंत, कापून काढला. नव्या फळीच्या कापलेल्या टोकांना तेल पाजलं. पाणी निघून जावं म्हणून खाली भोकं ठेवली. मिशीत काहीतरी गुणगुणत होते.

रविवारी एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर लहान मुलगी होती.

"इथे कुजलं होतं," मालकांनी स्वतःहून दाखवलं. "आता साग घातलाय. ही खालची भोकं मात्र बुजवू नका."

मुलगा हळूच म्हणाला, "विकायचाच होता, तर एवढा जीव कशाला काढलात?"

"खिडकीशेजारी त्यांची पोर निजणार ना रे."

माझा अंदाज चुकला होता. पण रागावता येईना.

मी थकलोय. पुन्हा नवे रस्ते, नव्या लाथा. नव्या माणसांनो, एवढंच करा, पाऊस होऊन गेला की खिडकीखाली बोट दाबून बघत जा. वरचा रंग छानच दिसतो, आत काय चाललंय ते बोटालाच कळतं.

मालकीणबाई दारातून पाहत होत्या. मालकांनी चावी दिली. मग माझ्याजवळ आले. या वेळी वाजवून पाहिलं नाही. नव्या फळीवर नुसता तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि घराकडे चालू लागले.