वजीर की घोडा

अप्पारावांच्या पाकिटात बायकोचा फोटो नव्हता. बुद्धिबळाच्या एका कोड्याचं कात्रण होतं, नव्वद सालचं. तारामतीबाईंनी हा विषय लग्नाच्या दहाव्या वर्षी काढला आणि विसाव्या वर्षी सोडून दिला.

कोडं साधं होतं : पांढऱ्याने खेळून जिंकायचं. वीजखात्याच्या कँटीनमध्ये चहाच्या दोन घोटांत केशवराव म्हणाले, वजिराचा बळी द्या, मात आहे. अप्पाराव म्हणाले, वजीर कायकू द्यायचा? घोड्याने शह द्या, समोरचा हत्ती फुकट. उत्तर पुढच्या रविवारी छापून येणार होतं. त्या आठवड्यात कर्फ्यू लागला आणि पेपरच आला नाही.

मग निकाल लावायचं काम दोघांवर पडलं. दर रविवारी अप्पाराव काचीगुड्याहून बरकतपुऱ्याला जायचे, केशवराव पट मांडायचे. प्रमोशनं झाली, कँटीन पाडलं गेलं, दोघांचे गुडघे गेले. निकाल काही लागला नाही.

आता केशवराव मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले होते, संध्याकाळच्या गाडीने. अप्पारावांनी दुपारी कात्रण सुनेपुढे ठेवलं. प्रणिताने ते फोनमध्ये मांडलं. कुकरची एक शिट्टी व्हायच्या आत निकाल आला.

"दोन्हींनी जिंकतं, बाबा. वजिराने तीन चालींत, घोड्याने एकोणीस."

"म्हणजे घोडाही बरोबर."

"पोचतो ना. मलकपेठवरून वळसा घालून."

अप्पारावांनी कात्रण घडी करून परत ठेवलं. सांगितलं तर वाद संपला. मग पुण्याला फोन करून बोलायचं काय? रक्तदाबावर माणूस किती वेळ बोलणार? आणि न सांगावं, तर मित्र खरं न कळताच जाणार. कर्फ्यूतून जगलेला वाद आपल्या हातून मरणार, या दुःखात त्यांनी चपला घातल्या.

केशवराव दोरीने बांधलेल्या खोक्यावर बसले होते.

"वजीरच बरोबर, केशवराव," अप्पाराव उभ्याउभ्याच म्हणाले. "फोनला विचारलं. मी हरलो."

केशवरावांचा चेहरा पडला. "असं कसं? मी तर घोड्यावर आलोय."

"कधी?"

"परवा. सामान बांधताना पट मांडून बघितला. तुमच्या चालीत जिवाला धोका नाही. वजीर देऊन एक चाल चुकली की माणूस रस्त्यावर."

"चुकायचं कशाला? तीन चालींत मात आहे."

"घाई कुणाला आहे?"

"हे तुम्ही बोलताय? पस्तीस वर्षं माझ्या घोड्याला गाढव म्हणालात."

"म्हणालो. माणसाने शिकू नये का?"

केशवरावांचा कौस्तुभ दारात आला. "ऑटो आलाय. काका, बाबांना सोडा आता."

"मी कुठे धरलंय? त्यांना सोपी मात दिसत नाही, ती दाखवतोय."

"तुमच्या दोघांच्या बाजू बदलल्यात, काका."

"तू मध्ये पडू नको," दोघं एकदम म्हणाले.

अप्पाराव स्टेशनपर्यंत ऑटोत बसले, मांडीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. गाडी सुटेपर्यंत केशवराव खिडकीच्या गजांतून बोलत होते.

"पोचलो की फोन करतो. तुमचा वजीर दुसऱ्या चालीला कुठे अडतो ते सांगतो."

"अडत नाही तो."

"आधी ऐकून तर घ्या."

"सकाळी नक्को," अप्पाराव गाडीबरोबर दोन पावलं चालत म्हणाले, "अकरानंतर करा. पट मांडून ठेवतो."