बाजूला पळालेला काळा राजा

"सर, तुम्ही शेवटचे कधी हरलात?"

प्रश्न शुशानिकचा, पण पैज मैत्रिणींची. "विचारून दाखव," अस्तघिक मधल्या सुट्टीत म्हणाली होती, "नाहीतर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचंस!" आमच्या ग्युम्रीच्या शाळेत बुद्धिबळ शिकवणाऱ्या हमायाक सरांना असलं काही विचारायची कुणाची छाती नव्हती. पटावर उभ्या असलेल्या मलाही वाटले, आता काही खरे नाही.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी राजा आहे. काळ्या सैन्याचा. एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून कोरले, अक्रोडाच्याच सालींच्या काढ्यात उकळून काळे केले आणि शाळेला देऊन टाकले. तेव्हा सगळे म्हणायचे, "काय ऐट आहे याची!" कसली ऐट! मी पहिल्या दिवसापासून घाबरट आहे. प्यादे मेले तर प्यादे जाते, घोडा मेला तर घोडा जातो. मी सापडलो की सगळेच संपते. म्हणून डाव सुरू होताच मला हत्तीच्या आड, कोपऱ्यात नेऊन लपवतात. मला ते फार आवडते! पण डावाच्या शेवटी हत्ती नसतो, वजीर नसतो, आडोसाच नसतो. भल्यामोठ्या रिकाम्या पटावर मी एकटा. समोरून गोरा राजा चालत येतो. आणि हरणारा खेळाडू काय करतो ठाऊक आहे? मला एका बोटाने आडवा पाडतो. खट्ट! इतक्या वेळा पडलोय की माझ्या मुकुटाचे टोक कधीच तुटून गेले.

गेल्या शनिवारी मला शुशानिकने पाडले.

वानाद्झोरच्या शाळेशी सामना होता. चौथ्या पटावर शुशानिक आणि लांब वेणीची एक मुलगी. शेवटी पटावर आम्ही तिघेच उरलो: मी, गोरा राजा आणि त्याचे एक प्यादे. मी त्या प्याद्याची वाट अडवून उभा होतो. प्यादे एक घर पुढे सरकले. त्याच्या मागून गोरा राजा येत होता. शुशानिकची बोटे माझ्या डोक्यावर टेकली. गार पडली होती ती, आणि घामाने ओली. मला वाटत होते, पळ! तिलाही तेच वाटत होते. तिने मला तिरपे मागे, त्या राजापासून लांब नेले. झाले! आणखी दोन चालींत प्याद्याची वाट मोकळी झाली, शेवटच्या घरात पोचून ते वजीर होणार होते, आणि मी आडवा झालो. डाव लिहिलेला कागद तिने चुरगळून जाकिटात कोंबला. त्यानंतर ती पटाकडे बघेनाशी झाली. पुढच्या रविवारी तीच शाळा आमच्याकडे पुन्हा येणार होती, आणि चौथ्या पटावर तीच मुलगी.

तर सोमवारी तो प्रश्न विचारला गेला. सरांनी चष्मा काढला.

"आज सकाळी," ते म्हणाले. "बायकोशी. पटावरचं विचारतेस का?"

वर्ग फिस्सकन हसला. सरांनी कपाटातून कागदांचा हा एवढा गठ्ठा काढून तिच्या पुढ्यात आपटला. "हे सगळे माझे हरलेले डाव. मोज हवं तर."

"आणि जिंकलेले कुठेत?"

"ते कशाला ठेवू? स्वतःचा फोटो बघून कुणी शहाणं होतं का? शनिवारचा तुझा कागद कुठंय, शुशानिक जान?"

"हरवला."

"जाकिटात बघ."

तिचे कान लाल झाले. कागद निघाला. सरांनी तो हाताने सपाट केला आणि पटावर आम्हा तिघांना पुन्हा तसेच मांडले. मित्रांनो, मला वाटले, आता सगळ्यांसमोर पुन्हा पडायचे!

"इथे बाजूला का गेलीस?"

"तो अंगावर येत होता."

"मग?"

"मग... भीती वाटली, सर."

"वाटू दे. पण पळू नकोस. सरळ मागे जा, एकच घर."

सरळ मागे म्हणजे पटाच्या अगदी कडेला! तिथून पुढे जमीनच नाही. तिने डोळे बारीक करून मला ठेवले. गोरा राजा पुढे आला. मी त्याच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिलो, मधे एकच घर. प्यादे शह देत आले. मी पुन्हा त्याच्या वाटेत. आता गोऱ्या राजाला प्यादे सोडता येईना. तो त्याला चिकटून उभा राहिला, आणि मला हलायला एकही घर उरले नाही. पण मला शहही नव्हता, आणि शह नसताना चालच उरली नाही तर डाव कुणीच जिंकत नाही!

"बरोबरी?" शुशानिक कुजबुजली.

"शनिवारीही बरोबरीच होती. तू मात्र पळालीस."

त्या आठवड्यात तिने तो डाव रोज खेळला. पहिल्या दिवशी तिचा हात सात वेळा बाजूलाच गेला. "अगं, सरळ!" अस्तघिक ओरडायची. "रस्ता ओलांडतेयस का?" शुक्रवारी हात एकदाही चुकला नाही. भीती मात्र कुठेच गेली नव्हती, फक्त आम्ही दोघे तिच्याकडे पाठ करत नव्हतो. मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो, हरलेल्या डावाचे कागद चुरगळू नका. ते नसते तर आम्हाला कळलेच नसते की आम्ही कुठे पळालो.

सरांनी त्या शुक्रवारी मला तिच्या खिशात घातले. "पट नको, नुसता राजा ने. सोबत राहू दे."

घरी लवाशच्या पातळ पोळ्या आणि चीज मांडलेले होते. बाबांनी ताटाशेजारी एक कागद ठेवला. "हे घे. रविवारी तुला खेळता येणार नाही असं सरांना लिहिलंय, तूच शनिवारी म्हणाली होतीस तसं. पोटदुखीचं कारण दिलंय."

"मागच्या खेपेला दात दुखत होता," आई म्हणाली. "या पोरीचं काय काय दुखतं देव जाणे! जाऊ दे, नाही खेळली तर काय बिघडलं?"

खिशात तिची मूठ माझ्याभोवती आवळली. हाताला तोच गार घाम. ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"बाबा, ते पत्र देऊ नका. मी रविवारी खेळणार आहे, चौथ्या पटावर, त्याच मुलीशी. मला आत्तापासूनच भीती वाटतेय, आणि तरी खेळणार आहे. आई, हरले तर शनिवारसारखं गप्प बसून जेवायला वाढायचं नाही. आधी तुम्ही दोघांनी माझ्या डावाचा कागद बघायचा, पहिल्या चालीपासून!"