जळक्या तोंडाचा तारपा

मित्रांनो, मी एक जुना तारपा आहे. बेटेगावात एका कुडाच्या भिंतीवर टांगलेला असतो. जवळ या, पण नाक मुरडू नका. माझ्या तोंडाला जळका वास येतो, तो काही मी हौसेने लावून घेतलेला नाही.

या घरच्या नवशाने मला घडवले. वाळका भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, जोडायला मेण आणि पुढे ताडाच्या पानांचे रुंद तोंड. नवा भात घरात आला की मी वाजायचो आणि सारा पाडा माझ्याभोवती फेर धरायचा. गालात हवा धरून नाकाने श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही, ही नवशाची ख्याती. सूर तुटला की नाचणाऱ्यांचे पाय थांबतात.

माझे तोंड जळले त्या वर्षी त्याचा मुलगा बुधा मॅट्रिकला होता, पाड्यातला पहिलाच. पूर्वी बोईसरच्या शाळेतून आला की तो मला खाली काढून घटकाभर वाजवायचा. मग भात कांडणाऱ्या आईजवळ, भागीजवळ, गणित सुटत नाही म्हणून कुरकुरायचा आणि हलका होऊन अभ्यासाला बसायचा. पण सहामाहीत नापास झाला आणि त्याने परीक्षेची धास्तीच घेतली. वाटेवर कुणीतरी बिडी दिली. डोके शांत होते म्हणे! कसले शांत? थोड्या वेळाने भीती पुन्हा यायची, की दुसरी बिडी. मला तर तो विसरूनच गेला.

एके सांजेला तो घरात बिडी ओढत असताना भागीची चाहूल लागली. घाईत त्याने पेटती बिडी माझ्या तोंडात कोंबली. सुकी पाने धुमसली, मेण वितळून नळ्या निखळल्या. माझा आवाजच गेला हो!

नवशाने त्याला मारले नाही. नवे मेण लावून मला सांधले आणि नाचाच्या दिवशी फुंकायला घेतले, तो खोकल्याने वाकला. त्यानेही जन्मभर बिड्याच ओढल्या होत्या. मग त्याने मला बुधाच्या हाती दिले. बुधाचाही सूर मध्येच तुटला. अंगणात फेर धरून उभी असलेली माणसे गुपचूप घरी गेली. त्या वर्षी नाच झालाच नाही.

"माजा दम गेला, बुधा," नवशा म्हणाला. "तुजा अजून हाय. डोकं तापलं तर यालाच धर. एक आख्खा फेर मला ऐकव."

बुधाने उरलेल्या बिड्या चुलीत टाकल्या. परीक्षेची भीती काही गेली नाही. पण ती दाटून आली की तो मला घेऊन बांधावर बसे, आणि फारच झाले तर भागीच्या मांडीवर डोके ठेवून रडे. सूर रोज थोडा थोडा लांबत होता.

नवशा माघात गेला. बुधाचा फेर न तुटता पुरा झाला तो फाल्गुनात. अंगणात वाजवून झाल्यावर त्याने सवयीने मागे वळून बापाच्या बाजेकडे पाहिले.

तो मॅट्रिक पास झाला. मित्रांनो, अभ्यासाने जीव घाबरला तर गा, वाजवा, शेतातून चालून या, आईजवळ रडा. धुराकडे मात्र जाऊ नका. गेलेला दम एखाद्याचा परत येतोही, पण ऐकणारे माणूस तोवर थांबतेच असे नाही.