फायनलला इंजिन दमतं

मिस्त्रीच्या हातात पाना होता आणि पाना थरथरत होता. आता ज्या माणसाने उभा जन्म इंजिनांच्या पोटात हात घालून काढला, त्याचा हात थरथरतो म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणारच. गाडी मात्र ठणठणीत होती.

समोर बॉनेट उघडं होतं. पलीकडे घडीच्या खुर्चीत बसून बाई बुटाच्या नाड्या आवळत होती. बाई म्हणजे त्याची बायको. पण मैदानावर तिला सगळे बाईच म्हणत. सुरुवातीला म्हणाले ते टिंगलीने, "ए, बाई आली रे गाडी घेऊन!" पुढे तीच तोंडं तेच नाव अदबीने घ्यायला लागली. आज तिची शेवटची शर्यत होती. गुडघा कुरकुरतोय, आता बास, असं तिने घरात जाहीर करून टाकलं होतं. आणि शेवटच्या शर्यतीतही ती फायनलला पोचली होती. तशी ती नेहमीच पोचायची. जिंकली मात्र एकही नव्हती.

"झालं का रे, मिस्त्री?" बाईने विचारलं.

"बघतोय. फायनलला इंजिन दमतं, माहितीये ना."

हे वाक्य त्याने इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते आपोआपच तोंडातून सुटायचं. आणि ते शंभर टक्के खोटं होतं.

ही ड्रॅग रेस बघायला अगदी साधी. बंद पडलेल्या विमानतळाची सरळसोट धावपट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, समोर दिव्यांचा खांब. पिवळा, पिवळा, हिरवा. हिरव्याला सुटायचं, पलीकडे जो आधी पोचेल तो जिंकला. हिरव्याच्या आधी चाक केसभर जरी पुढे सरकलं तरी तुमच्या बाजूला लाल दिवा पेटतो, आणि मग तुम्ही वाऱ्याला मागे टाका नाहीतर आणखी कुणाला, खेळ खलास.

बाई यात आली तेव्हा इथे एकही बाई नव्हती. ती बेकरीची व्हॅन चालवायची आणि दर महिन्याला क्लच जाळून मिस्त्रीच्या गॅरेजात यायची. "व्हॅन आहे ही, विमान नाही," असं मिस्त्री कुरकुरला, आणि ती म्हणाली, "मग विमान बनवून दे की." त्याने गाडी बनवली. मधल्या मध्ये लग्नही झालं. शर्यतीच्या मंडळाने तिचा अर्ज परत पाठवला, कारण काय, तर बायकांना कपडे बदलायला खोली नाही. तर ही पठ्ठी घरूनच शर्यतीचे कपडे चढवून, हेल्मेट काखेत मारून, भरल्या बसमधून मैदानावर आली. परवान्याच्या चाचणीत परीक्षकाने तिला तीनदा पळवलं. पहिल्या दोन वेळा म्हणे त्याला वाटलं, घड्याळच बिघडलंय. त्यानंतर तिच्या मागून पोरी यायला लागल्या. आधी एक, मग दोन, मग मंडळाला झक मारत खोली बांधावी लागली.

इथपर्यंत सगळं छान. मिस्त्री हे सगळं चारचौघांत रंगवून सांगायचा. पुढचं मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिच्या पहिल्या फायनलला तो धावपट्टीच्या कडेला उभा होता, कडेवर लहानगी लेक. निम्म्या वाटेत गाडी तिरकी झाली. एरवी असं झालं की बाई वेगाच्या पेडलवरचा पाय उचलायची, शहाण्यासारखी. त्या दिवशी तिने उचलला नाही. गाडी कडेच्या भिंतीला घासत, ठिणग्या उडवत गेली आणि उलटी फिरून थांबली. मिस्त्री लेकीला छातीशी धरून पळत सुटला. धावताना एकच विचार डोक्यात होता, की हिला आता मी एकटा कसा वाढवू. पोचला तेव्हा बाई आत बसून हसत होती. "अरे, काय पळाली रे!" म्हणे. तो तिथेच मटकन बसला. तिला वाटलं, गाडीची काळजी.

तेव्हा त्याला कळून चुकलं, की फायनल असली की ही बाई पाय उचलत नाही. मरेल पण उचलणार नाही.

म्हणून पुढच्या फायनलला त्याने बॉनेट उघडलं आणि टायमिंग जरासं मागे घेतलं. म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची ती किंचित उशिरा पडेल असं केलं. इंजिनावरची ठिणगी वाटणारी डब्बी जराशी फिरवायची, बस्स. गाडी पळते, पण तिचा दम कमी होतो. शर्यत संपली की पुन्हा जागेवर. जागा चुकू नये म्हणून त्याने पांढऱ्या रंगाची एक बारीक खूणही करून ठेवली होती. बाई हरली, थोडक्यात हरली. घरी आली, जेवली, लेकीला थोपटत झोपली. मिस्त्री तिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडला आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच त्याला चटक लागली. एकदाच करणार होता. मग दरवेळी करत गेला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी त्याने स्वतःची समजूत घातली असती. पण बाई हरली की कारण शोधायची, आणि कारण म्हणून तिला नेहमी स्वतःच सापडायची. "फायनलला माझं अंगच आखडतं रे," म्हणायची. "इंजिन दमतं ते तू काय करणार? मलाच सुटताना वेळ कमवायला पाहिजे." मग तिने त्याच्याकडून दिव्यांची एक पेटी बनवून घेतली. संध्याकाळी स्वयंपाकघरात, कुकर गॅसवर ठेवून, ती खुर्चीत बसायची. पायाखाली मोडक्या गाडीचं पेडल. मिस्त्री बटण दाबायचा. पिवळा, पिवळा, हिरवा. खट! "उशीर झाला. पुन्हा." खट! "पुन्हा." भाजी करपायची, लेक ओरडायची, पण बाई उठायची नाही. पाय सुजला तरी उठायची नाही. आणि हा गृहस्थ समोर बसून बटण दाबत राहायचा. दोष तिच्या पायात नाही, माझ्या पान्यात आहे, एवढं बोलायला जीभ रेटली नाही त्याची. लाज वाटायची. इतकी वाटायची की तो जेवताना तिच्या ताटाकडेही बघायचा नाही.

मैदानावर तर बोलायला लोकांना काय, तोंडाला कुलूप थोडंच असतं! "बायकांचा पाय ऐन वेळी कचरतो. बघा, इतकी वर्षं झाली, एक फायनल नाही." हे मिस्त्रीसमोर म्हणायचे. मिस्त्री मान खाली घालून पाने पुसत राहायचा. सगळ्यात वाईट म्हणजे बाईलाही ते पटलं होतं. नव्या पोरींना ती समजावून सांगायची, "फायनलला आपला पाय आखडतो गं, त्याची तयारी ठेवा."

आज सकाळी चहा पिताना लेक म्हणाली होती, "बाबा, आज आई जिंकली ना, तर मी भर रस्त्यात नाचेन." आता लेक चांगली नोकरीवाली, स्वतःचं घर असलेली बाई. तिला एकट्याने वाढवायची वेळ कधी आलीच नाही. मग आता कुणासाठी भितोस रे, मिस्त्री, असं त्याने स्वतःलाच विचारलं.

तर आता बॉनेट उघडं होतं आणि पाना हातात. पलीकडच्या रांगेत वेल्डरची पोरगी उभी होती, जिला सगळे पिटुकली म्हणत. तीच आज बाईसमोर होती. दोन बायकांची फायनल, इथे पहिल्यांदाच. पिटुकलीचा बापही बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्याने मान वर करून मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीने नजर चुकवली.

त्याने पाना खिशात टाकला. टायमिंगला हात लावला नाही. बॉनेट धाडकन बंद केलं.

सांगायचं का तिला? सांगायला हवंच होतं. "आज गाडी वेगळी पळेल" एवढं जरी म्हटलं असतं! पण मग ती विचारणार, वेगळी म्हणजे? रोज कशी पळते? आणि मग सगळंच उघडं पडलं असतं. जिंकू दे आधी, मग बघू, असं त्याने ठरवलं. भित्रा तो भित्राच.

"जा," तो म्हणाला. "आज चांगली आहे."

गाड्या रेषेवर लागल्या. पिवळा. पिवळा.

आणि बाई सुटली. फायनलला ती जशी सुटायला शिकली होती तशीच सुटली, अगदी काठावर, दमलेल्या इंजिनाचा उशीर मनात धरून, हिरवा लागायच्या केसभर आधी पेडल दाबून. त्या पेटीसमोर बसून बसून पायात भिनवलेली ती वेळ होती. पण आज इंजिन दमलेलं नव्हतं. पाय पडल्याबरोबर गाडीने उडी घेतली.

तिच्या बाजूला लाल दिवा पेटला.

मिस्त्रीच्या तोंडून "अगं आई गं!" एवढंच निघालं. क्षणात त्याला सगळं कळलं. मागे घेतलं तेव्हा तिला हरवलं होतंच, आज मागे घेतलं नाही आणि सांगितलंही नाही, तर त्यानेही हरवलं. गाडी मात्र सुसाट गेली, सरळ, एकदाही न डगमगता, पिटुकलीला कितीतरी मागे टाकून. पलीकडच्या फलकावर आकडा लागला. तिच्या अख्ख्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान आकडा, आणि त्याच्या शेजारी लाल ठिपका.

गाडी ओढून आणायची जीप घेऊन तो पलीकडच्या टोकाला गेला. बाई मागच्या चाकाला टेकून बसली होती, हेल्मेट मांडीवर. फलकाकडे बघत होती.

"हा आकडा माझा आहे?" तिने विचारलं.

"हो."

"काय केलंस गाडीला?"

"काही नाही. शपथ सांगतो, आज काहीच केलं नाही."

बाईने मान वळवली. "आज काही केलं नाहीस," ती हळूच म्हणाली. "म्हणजे दरवेळी करत होतास."

मिस्त्री बोलला ते तुटक तुटक. भिंत, ठिणग्या, कडेवरची लेक. "तू जिवंत पाहिजे होतीस मला," तो म्हणाला. "चुकलो. माझं चुकलं."

"आणि ती पेटी?" बाईचे डोळे भरले होते, पण आवाज भलताच शांत होता. "समोर बसून बटण दाबत होतास तू. माझा पाय सुजायचा, आणि रात्री तूच तो शेकून द्यायचास."

मिस्त्री जीपमधला ओढायचा दोर उलगडायला लागला.

एवढ्यात पिटुकली धावत आली. जिंकली होती तरी चेहरा रडवेला. "काकू, ही माझी जीत धरू नका हं. तुमची गाडी काय गेली! माझी तर फायनलला दमतेच. बाबा दरवेळी बॉनेट उघडून बघतात, तरी दमते. मिस्त्रीकाकांनीच शिकवलंय ना त्यांना सगळं."

गेल्या वर्षी वेल्डर मिस्त्रीकडे आला होता. पोर ऐकत नाही, झोप लागत नाही, म्हणाला होता. आणि मिस्त्रीने त्याला कोपऱ्यात नेऊन, मोठ्या मायेने, डब्बी किती फिरवायची ते दाखवलं होतं. मघाशी त्याने नजर चुकवली होती ती याचसाठी.

बाईने नवऱ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, बॉनेट उघडलं आणि हात पुढे केला. "पाना."

त्याने दिला. तिने तो पिटुकलीच्या हातात ठेवला.

"इकडे ये पोरी. इथून पुढे फायनलच्या आधी तुझ्या बॉनेटला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बापानेही नाही. ही डब्बी दिसते? आणि ही पांढरी खूण? मिस्त्री, दाखव तिला. किती फिरवायचास?"

मिस्त्री पुढे झाला. पिटुकलीला नट सैल करायला लावून त्याने डब्बी खुणेपासून जरा सरकवली. सुपारीच्या फोडीएवढीही नसेल.

पिटुकलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती वाकून बघत हसली. "एवढंच?"

"हो," बाई म्हणाली. "एवढंच."

आणि डब्बी पुन्हा खुणेवर आणून ती जीपकडे न बघता दूरवरच्या गेटाच्या दिशेने पायीच चालायला लागली, दुखऱ्या गुडघ्याने, हेल्मेट काखेत मारून.