नऊ हुक

कपडे बेतायचे छापील कागदी पॅटर्न विकणाऱ्या बाईंनी चिठ्ठीवरचा नंबर दोनदा वाचला आणि चिठ्ठी देणाऱ्या मुलीऐवजी तिच्या मागे उभ्या असलेल्या मावशीकडे बघितलं.

"हाच हवाय? दुसरा नाही चालणार?"

"हाच," बबडी म्हणाली. "त्यांनी मुद्दाम लिहून दिलाय. छापायचा बंद झालाय म्हणे. चार दुकानं पालथी घातली आम्ही."

बबडी मावशीची भाची. सहा वर्षांची असताना आई गेली तेव्हापासून मावशीने वाढवलेली, म्हणून सव्विसाव्या वर्षीही बबडीच. चार महिन्यांपूर्वी तिचं लग्न झालं होतं. नवरा दातांचा डॉक्टर, हात कायम धुतलेले, आवाज कधी न चढणारा. वर्षातून एकदा तो आणि त्याच्यासारखी शंभरेक हौशी माणसं गावाबाहेरच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात जमत आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले कपडे घालून दिवसभर मिरवत. त्या मेळाव्याचा सरदार दरवर्षी डॉक्टरच. यंदा सरदाराशेजारी बबडी बसणार होती, आणि तिचा झगा मावशी शिवणार होती.

मावशीने आयुष्यभर शाळेचे गणवेश, पडदे आणि लोकांच्या लांड्या झालेल्या विजारी शिवल्या होत्या. सरदारणीचा झगा म्हटल्यावर एरवी तिने हात जोडले असते. पण लग्नानंतर बबडीला माहेरी यायला हे एकच कारण मिळालं होतं, त्यामुळे मावशी एका पायावर तयार झाली.

पॅटर्नवाल्या बाईंनी मांडणीकडे हात नेलाच नाही. गल्ल्याखालचा खण ओढून त्यांनी तळातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं.

"वापरलेला आहे. पण तुकडे सगळे आहेत. एक बाई ठेवून गेल्या, झाली चार वर्षं. म्हणाल्या, हाच नंबर कुणी मागत आलं तर द्या. त्याशिवाय कुणालाही नको."

"कोण होत्या?" मावशीने विचारलं.

"नाव नाही सांगितलं. घाईत होत्या." बाईंनी पाकीट बबडीच्या पुढे आलेल्या हातात न देता मावशीच्या हातात दिलं. "शिवणार तुम्ही ना? मग तुम्हीच उघडा."

"बघ मावशी, नशीब कसं असतं!" बबडीने फोन काढला, पाकिटाचा फोटो घेतला आणि पाठवला. आधीच्या चार दुकानांतूनही तिने असेच फोटो पाठवले होते. मग ती फोनकडे बघत उभी राहिली. उत्तर आल्यावरच तिने फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "चल, निघू या. साडेचारपर्यंत घरी ये म्हणालेत."

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. बबडीच्या ऑफिसातली एक मैत्रीण होती, लग्नाआधी तिने या डॉक्टरबद्दल एकच वाक्य उच्चारलं होतं. बबडीने ते भाबडेपणाने डॉक्टरला जाऊन सांगितलं. आता ती मैत्रीणही नव्हती आणि ते ऑफिसही नव्हतं. पुढची पाळी आपली नको, एवढं मावशीला चांगलं कळत होतं.

घरी येऊन तिने जेवणाच्या टेबलावर पातळ कागदाचे तुकडे पसरले. मागचा भाग, पुढचा भाग, सुट्या बाह्या, घेराच्या कळ्या. घेराखाली वेताच्या कड्या घालायच्या होत्या, इतक्या की झगा माणसावाचूनही उभा राहावा. पाठीवर दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस छिद्रं, त्यांतून दोरी ओवून आवळायची. म्हणजे घालणारीने स्वतःचं स्वतः घालायचं नाही आणि काढायचंही नाही.

"राजेशाही थाट," मावशी स्वतःशीच पुटपुटली. "लघवीला जाताना काय करत असतील, देव जाणे."

डाव्या बाजूच्या तुकड्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. काखेपासून मांडीपर्यंत एक सरळ रेघ, आणि तिच्या कडेने बारीक, टोकदार अक्षर: "इथे उघडं ठेवा. आतून नऊ हुक. बाहेरून शिवण दिसली पाहिजे. बाह्या शिवू नका, नुसत्या बांधा."

मावशीने चष्मा वर सारून ते पुन्हा वाचलं. पाठीला मोठं दार असताना काखेत खिडकी कशाला? चांगल्या पॅटर्नची वाट लावली होती कुणी बाईने. शिवणातलं ओ की ठो कळत नसणार तिला. मावशीने रेघेकडे दुर्लक्ष करून मखमल कापली आणि डावी शिवण वरपासून खालपर्यंत दोनदा मारून घेतली.

कमरेचं माप मात्र तिला खटकलं. मापांचा कागद डॉक्टरने स्वतः लिहून पाठवला होता, आणि बबडीची कमर मावशीला तोंडपाठ होती. कागदावर दोन इंच कमी होते.

पहिल्या मापाला रविवारी सकाळी दोघं आली. बबडी आतल्या खोलीतून झगा सावरत बाहेर आली तेव्हा मावशीला भरून आलं, इतकी ती सुंदर दिसत होती. आणि तेवढ्यात तिच्या गळ्याजवळची हाडंही दिसली. मावशीने दोरीला हात घातला.

"राहू द्या, मी बांधतो," डॉक्टर म्हणाला. "मला सवय आहे."

तो मागे उभा राहिला आणि तळाच्या छिद्रापासून एकेक पेड ओढत वर गेला. प्रत्येक ओढीला बबडीची मान किंचित मागे जात होती. शेवटी त्याने गाठ मारली. हिरडीला टाका घालताना मारतात तशी, तीन वेढ्यांची, लहानशी, घट्ट.

"अर्धा इंच ढिलं राहू द्या ना डॉक्टर. श्वास तरी घेता आला पाहिजे."

"येईल ती मापात." तो हसला. "हो ना?"

बबडीने आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग मान हलवली.

"मावशी, पाणी देतेस?"

"वीस मिनिटं," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाला. "ठरलंय आपलं. मेळाव्यात सहा तास बसायचंय, सवय नको का करायला?"

मावशी पाण्याचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. डॉक्टरने दोन बोटं बबडीच्या काखेखाली टेकवली आणि शिवणीवरून सावकाश खाली नेली. आधी उजवी बाजू, मग डावी.

"छान. पक्की आहे. मागची वाट सोडली तर दुसरीकडून कुठून उघडत नाही ना? खऱ्या पोशाखाला एकच वाट असते."

"नाही उघडत," मावशी म्हणाली.

"माझ्या पहिल्या बायकोनेही याच नंबरचा शिवला होता. स्वतः. हात चांगला होता तिचा, पण धीर नव्हता. मेळाव्याच्या दिवशी न सांगता निघून गेली. तो पॅटर्न नंतर घरात शोधला मी, मिळाला नाही."

वीस मिनिटं झाल्यावर त्याने स्वतः मावशीच्या हातातला पेला घेतला आणि बबडीच्या ओठांना लावला.

ते गेल्यावर मावशी बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. पोलिसांत जावं तर सांगायचं काय, नवरा बायकोला वीस मिनिटं उशिरा पाणी देतो म्हणून? बबडीशी बोलावं तर संध्याकाळपर्यंत ते डॉक्टरच्या कानावर जाणार, आणि झगा शिवायला दुसरी कुणीतरी सापडणार. तिने तो डाव्या बाजूचा कागद उजेडात धरला. शिवणातलं काही कळत नाही असं जिला आपण म्हटलं, तिची तिने मनोमन माफी मागितली. मग उसवणी घेतली आणि डावी शिवण उसवायला बसली.

हुक लावायला तिला तीन दिवस लागले. बाजारचे हुक मखमलीखाली उठून दिसत, म्हणून तिने ते एकेक करून पकडीने चेपले. कडेला वरून खोटा धावदोरा घातला, आत दुहेरी अस्तर घेतलं. बाह्या नुसत्या फितीने बांधल्या. शेवटी डोळे मिटून स्वतःचीच बोटं वरून फिरवली. सहाव्या हुकापाशी किंचित जाड लागत होतं. तो तिने तीनदा उसवून पुन्हा लावला, तरी लागतच होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी झगा न्यायला दोघं आली. अंगणात डॉक्टरला कुणा पेशंटचा फोन आला आणि तो तिथेच बोलत थांबला. मावशीने बबडीला आत नेलं, झगा चढवला आणि खिडकीकडे बघितलं. तो अजून बोलत होता.

तिने बबडीचा उजवा हात धरून अंगावरून आडवा नेला आणि डाव्या काखेखाली टेकवला.

"इथे अंगठा आत घाल. वरचा आधी. मग खाली खाली येत जा."

बबडीच्या बोटांनी पहिला हुक शोधला. तो सुटला. दुसरा सुटला. मावशीने ते परत लावले आणि बबडीने पुन्हा सोडले. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून घेतले होते.

"किती आहेत?"

"नऊ."

एवढंच तिने विचारलं. कशासाठी, हे तिने विचारलं असतं, चिडली असती, काहीतरीच काय मावशी म्हणाली असती, तर मावशीला बरं वाटलं असतं.

डॉक्टर आत आला. त्याने दोरी आवळली, तीन वेढ्यांची गाठ मारली, आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मग दोन बोटं उजव्या शिवणीवरून खाली गेली. मग डाव्या. काखेतून निघालेली बोटं कमरेच्या वर येऊन थांबली.

"इथे जाड लागतंय."

मावशीने टेबलावरची कात्री उचलली आणि परत जागेवर ठेवली.

"मीच सांगितलं मावशीला," बबडी म्हणाली. "परवा सुटलं होतं ना तिथे, म्हणून दुहेरी अस्तर घे म्हटलं. तिथेच ताण येतो."

परवा काहीही सुटलं नव्हतं. परवा ती इथे आलीही नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, पण आधी बघून मग बोलली नव्हती. डॉक्टरची बोटं क्षणभर तिथेच राहिली आणि मग खाली सरकली.

"शहाणी झालीस," तो म्हणाला.

मेळाव्याच्या दिवशी मावशीने मशीनचं झाकण उघडलंच नाही. सकाळपासून एकच फडकं तिने चारदा धुतलं. दुपारी दोनच्या सुमाराला मागच्या दाराची कडी वाजली.

बबडी दारात उभी होती. अंगावर झग्याखालचा पांढरा सदरा, त्यावर कुणातरी माळ्याचा रेनकोट. पाय अनवाणी, डाव्या टाचेतून रक्त येत होतं.

मावशीने तिला आत ओढलं आणि दाराला वरखाली कड्या घातल्या. पातेल्यात पाणी कोमट करून ती तिच्या पायांशी बसली. टाचेतली काच तिने चिमट्याने काढली.

"वरच्या खोलीत बसवून खाली पाहुण्यांकडे गेले," बबडी म्हणाली. "वीस मिनिटांत येतो म्हणाले. माझे कपडे गाडीत, चपलाही गाडीत. अर्धा रस्ता पळाले, मग एका भाजीच्या टेम्पोवाल्याने सोडलं."

"आणि झगा?"

"खुर्चीत बसवून आलेय, खिडकीकडे तोंड करून. दारातून पाठ दिसते." तिने हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. "गाठ तशीच आहे, मावशी. त्यांनी मारलेली."

पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. दोघी ऐकत राहिल्या. तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिसऱ्यांदा थांबल्यावर मावशी उठली, पुढच्या दाराची कडी बघून आली आणि शेजारच्या वकीलबाईंना भिंतीवरून हाक मारली. त्या येते म्हणाल्या.

येईपर्यंत हाताला काहीतरी हवं म्हणून मावशीने टेबलावरचे पॅटर्नचे कागद जुन्याच घड्यांवर दुमडायला घेतले. बबडी लंगडत जवळ आली. डाव्या बाजूचा तुकडा तिने उचलला आणि पेन्सिलीच्या अक्षरावरून नजर फिरवली.

"हे तू लिहिलंस?"

"नाही."

बबडीने पुन्हा वाचलं. कुणी लिहिलं, हे तिने विचारलं नाही.

"याचं काय करणारेस?"

"त्या पॅटर्नवाल्या बाईंना परत देते. खणात ठेवतील."

"थांब जरा."

मशीनच्या खणातून बबडीने पेन्सिल काढली, जिभेला टोक लावलं, आणि त्या टोकदार अक्षराखाली तिच्या गोल, शाळकरी अक्षरात एक ओळ लिहिली: "चपला आधीच दाराबाहेर नेऊन ठेवा."